न भुकणारा कुत्रा

माझ्या भाऊजींनी मला कुत्र्याच्या बाबतीत फसवलं. भाऊजी म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान, चिचगडच्या पलीकडे शेती करतात. आणि फसलो मी, ज्याला गोंदियात कोणी फाटकं पोतं चांगलं म्हणून विकू शकत नाही.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. राइस मिलमधला जुना बारदाना, म्हणजे रिकामी पोती, उचलायचा, झटकून, शिवून विकायचा, हा धंदा कोणाच्या मदतीशिवाय उभा केला होता. गोदामामागच्या खोलीत एकटाच राहायचो. पोती चोरीला जाऊ लागली तसं कुत्रा पाळावा असं मनात आलं, पण ठरत नव्हतं. घरमालकीणबाईंनी आधीच बजावलं होतं, "भैया, कुत्ता भौंका तो तुम दोनों बाहर." म्हणून भाऊजींना मी फोनवर अट घातली: राखण करणारा हवा, भुंकणारा नको.

"हाये नं तसाच," ते म्हणाले. "आठ दिवस ठेवून पाय. जमला तं ठेव. साळ्याकडून पैसे थोडीच घेतो?"

फुकट म्हटल्यावर मला संशय आलाच. कुत्रा आला तेव्हा पोत्याची शिवण उलटी करून बघतो तसा मी तो बघितला. दात, पंजे, कान, पोट. नाकावर केस नसलेला एक पट्टा होता, थेट जबड्याखालून फिरलेला.

"हे काय?"

"लहानपणी कुंपणाच्या तारेत अडकला होता."

मला पटलं नाही. तरी मी केलं काय, तर ती खोट दाखवून साखळी आणि जर्मनची थाळी वर मागून घेतली.

कुत्रा खरंच भुंकत नव्हता. फाटकाशी अनोळखी माणूस आला की उठून उभा राहायचा, पाठीवरचे केस ताठ, आवाज मात्र नाही. मालकीणबाई खूश होत्या. तिसऱ्या दिवशी गठ्ठा बांधायला मी सुतळी हातात घेतली, तर तो समोर येऊन बसला आणि मिटलेलं तोंड पुढे केलं. मला वाटलं, शिकवलेला खेळ आहे. दोन गिऱ्हाइकांना करून दाखवलासुद्धा.

गठ्ठे उचलायला देवरीकडची एक बाई यायची. तिनं ते बघितलं आणि डोक्यावरचा गठ्ठा खाली ठेवला.

"खेळ नोहोय हा, भाऊ. रानात चोरून डुकराच्या शिकारीले नेतेत अशाले. भुकला का जनावर पळते. म्हणून पिल्लू असतानीच तोंड बांधून ठेवतेत."

"किती दिवस?"

"भुकणं विसरेपर्यंत."

आठव्या दिवशी भाऊजी हजर. कुत्रा माझ्याकडे पाठवला तेव्हा त्यांच्या गावात वनरक्षकांच्या फेऱ्या चालू होत्या, त्या आता थांबल्या होत्या. हे मला बहिणीकडून नंतर कळलं.

"चाल, नेतो त्याले."

"ठेव म्हणाले होते."

"जमला तं, म्हटलं होतं. आता मले लागते."

"कायले?"

"राखणीले."

"मुका कुत्रा राखण करते?"

ते हसले. "साळेसाहेब, भुकणारा नको, हे तूच सांगितलं."

माझं डोकं फिरलं ते याच वाक्यानं, कारण ते खरं होतं. मी साखळी हातातून सोडली नाही आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोललो. भाऊजी रिकाम्या हातानं परतले. कुत्रा पाळायचा की नाही, ते असं ठरलं.

तीन वर्षं झाली. बहीण फोन करते, "कुत्र्यापायी नातं काऊन तोडून राहिला?" नातं मी तोडलेलं नाही. एक प्रश्न विचारला आहे, आणि भाऊजी बायकोला पुढे करून तिच्यामागे लपतात. त्यांनी गोंदियाला यावं, माझ्यासमोर बसावं आणि सांगावं: त्या पिल्लाचं तोंड कोणाच्या हातानं बांधलं?