हँगर लेनवरून परत फिरलेली गाडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नीलाला — माझ्या बायकोला — तर नाहीच, आणि खरं म्हणजे पहिला हक्क तिचाच होता. किती वेळा अगदी तोंडापर्यंत आलं. ती कणीक मळत असायची, मी किचनच्या दाराशी येऊन उभा राहायचो, आणि मग विचारायचो — चहा टाकू का? आज लिहितोय म्हणजे धीर आलाय असं समजू नका. राउल गेला. आता त्याच्यासमोर उभं राहायची वेळ येणार नाही, म्हणून हात चालतोय. इतकं साधं आहे ते.

राउल कोण, ते आधी सांगायला हवं. नीला लंडनमध्ये वेम्बलीजवळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. तिच्या शेजारच्या टेबलावर तो काम करायचा. समुद्रापलीकडच्या एका लहानशा देशातून पळून आलेला. त्याच्या धाकट्या बहिणीला, इनेसला, तिथल्या लष्करानं घरातून उचलून नेलं होतं. शाळेत शिकवायची ती. पुढे पत्ता नाही. रविवारी तो आमच्याकडे जेवायला असायचा. नीलानं त्याला 'वहिनी' म्हणायला शिकवलं, तो 'वैनी' म्हणायचा. आमटीला म्हणायचा 'यलो सूप'. आणि कांदेपोहे समोर आले की आधी शेंगदाणे वेचून खायचा, लहान मुलासारखे.

"वैनी, इन माय कंट्री, फॉर दिस दे विल मेक यू प्रेसिडेंट!"

"चुलीत घाल तुझ्या प्रेसिडेंटला," नीला म्हणायची. त्याला शब्द कळायचा नाही, तरी पोट धरून हसायचा.

मी तेव्हा तिथेच एका मोठ्या देशाच्या वकिलातीत नोकरीला होतो. देशाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर दोष तिकडे सरकेल, आणि मला तो सरकू द्यायचा नाही. त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष राउलच्या देशातल्या लष्कराला मदत देत होते. त्यांचं प्रशासन म्हणायचं, ही मदत रस्त्यांसाठी आहे, औषधांसाठी आहे. पण ती मंजूर करणार त्यांची संसद, आणि संसदेतल्या काही जणांचा या बोलण्यावर विश्वास नव्हता. अशी शंकेखोर मंडळी मग स्वतः चौकशी करायला दौऱ्यावर निघायची आणि परतीच्या वाटेवर लंडनला थांबायची.

आणि गंमत बघा — गंमत कसली — प्रशासनाला जाब विचारायला निघालेल्या या माणसांची गाडी प्रशासनाची, जेवण प्रशासनाचं, कुणाला कधी भेटायचं तेही प्रशासनाच्याच वकिलातीनं ठरवलेलं. ठरवणाऱ्यांतला मी एक. इथल्या इथे भरती केलेला माणूस. एअरपोर्टवर हसतमुखानं उभं राहायचं, गाडीत ड्रायव्हरशेजारी बसायचं, दुपारी दमलेल्या पाहुण्यांना लोकरीच्या कपड्यांच्या दुकानात न्यायचं. दुकानात गेलेला वेळ म्हणजे प्रश्न न विचारता गेलेला वेळ. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पण कळलं होतं, आणि मी त्यात चांगला होतो.

एका फेब्रुवारीत त्या संसदेतल्या एक बाई आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, गाडीत बसल्या रे बसल्या की बूट काढून तळपाय चोळणाऱ्या. पहिल्याच दिवशी मागून म्हणाल्या, "तुम्ही लोकांनी निवडलेला नाही असा एक माणूस मला भेटव. एकच. तिथून आलेला, स्वतःच्या डोळ्यांनी काही पाहिलेला."

मी गप्प बसू शकलो असतो. रोज बसायचोच की! पण मी मागे वळलो आणि म्हणालो, माझ्या बायकोबरोबर एक जण काम करतो. का म्हणालो? राउलच्या कळवळ्यानं? थोडंफार तेही असेल. पण जास्त — एवढी मोठी बाई मला काहीतरी विचारत होती, मला, आणि माझ्याकडे उत्तर होतं. राउलला हॉटेलात भेटायची भीती वाटेल म्हणून मीच पुढे म्हणालो, आमच्या घरी या. माझी बायको खायला करील. बाई हसल्या. येते म्हणाल्या.

राउलनं रजा काढली. नीलाला समोर बसवून तो रोज संध्याकाळी आपलं बोलणं पाठ करायचा. लांबलचक काही नव्हतं. इनेसला नेलं त्या ट्रकच्या दारावर हिरवा रंग फासलेला होता, आणि त्या रंगाखालून त्या मोठ्या देशाची खूण दिसत होती. ती त्यानं पाहिली होती. एवढंच सांगायचं होतं त्याला. संसदेत मदतीवरचं मतदान जवळ आलं होतं.

कार्यक्रमातला प्रत्येक बदल माझ्या वरिष्ठांना, डग्लसना, दाखवावा लागायचा. मी दाखवला. ते रागावले नाहीत. बस म्हणाले. मग हळू आवाजात समजावून सांगितलं, की आपण बाईंना अडवलं असं दिसता कामा नये, अडवलं तर त्या घरी जाऊन आरडाओरडा करतील. "पण तो माणूसच आयत्या वेळी घाबरला, तर त्याला कोण काय करणार?" आणि मी उठलो तेव्हा, खिडकीबाहेर बघत — "तुझ्या भावाच्या व्हिसाचं काय झालं रे?"

माझा धाकटा भाऊ शेखर पुण्यात होता. त्या देशाचा व्हिसा त्याला नाकारला गेला होता. आई दर फोनला तेच विचारायची, तू तिथेच नोकरी करतोस ना, मग? डग्लस व्हिसाबद्दल त्याआधी कधी बोलले नव्हते. त्यानंतरही नाहीत. त्यांनी मला हुकूम केला नाही. हे वाक्य मी वर्षानुवर्षं मनात उलटसुलट करून पाहिलं आहे — त्यांनी हुकूम केला नाही. आधी वाटायचं, यात माझी सुटका आहे. नाही. यातच तर मी सापडतो.

ठरलेल्या दुपारी गाडी वेम्बलीकडे, आमच्या घराकडे निघाली. हँगर लेनच्या त्या मोठ्या चौकाअलीकडे मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. बाईंना म्हणालो, निघालोय म्हणून घरी फोन करतो. फोन बॉक्समध्ये शिरलो. रिसीव्हर उचलला. नंबर लावलाच नाही. कानात नुसती घूं घूं. पण बाई बघत असतील, ओठ तर हलायला हवेत — मी म्हणालो, "नीला, पोहे झाले का गं?" त्या घूं घूंला म्हणालो. मग थोडा वेळ ऐकल्यासारखं केलं. मान हलवली. रिसीव्हर ठेवला आणि परत येऊन सांगितलं, तो घाबरलाय, भेटायचं नाही म्हणतो.

बाईंनी पाय पुन्हा बुटांत सरकवले. मग म्हणाल्या, "बिचारा. मी त्याला दोष देत नाही." गाडी परत फिरली. वाटेत त्यांना नातवासाठी स्वेटर घ्यायचा होता. मी दुकान दाखवलं. निळा की करडा, त्यांनी मला विचारलं. मी निळा म्हणालो.

मदत मंजूर झाली. बाईंनीही बाजूनं मत दिलं. त्यांचं बोलणं मी पुढे पेपरात वाचलं — स्वतःच्या डोळ्यांनी काही पाहिलेला एक माणूस मी शोधत होते, तो मला मिळाला नाही, तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या शब्दावर विश्वास ठेवते. शेखरला व्हिसा मिळाला. तो आता तिकडचाच झालाय, मुलं मोठी झाली, फोटो येतात. आई समाधानानं गेली.

राउलच्या सांगण्यानं काही बदललं असतं का? एका माणसाच्या साक्षीनं कधी ट्रक थांबतात का? हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारलाय. विचारतो, कारण त्याचं उत्तर सोयीचं येतं.

पुढे राउल लेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये गेला. पण दिवाळीला न चुकता यायचा. आमच्या मित्रमंडळींत माझ्या खांद्यावर हात टाकून सांगायचा, "दिस मॅन, ही ट्राइड." नव्वदनंतर त्याच्या देशातली लढाई थांबली, तेव्हा तो जाऊन आला. जमीन उकरून माणसं शोधत होते तिथे. इनेस सापडली नाही. परत आल्यावर पहिला फोन त्यानं आम्हाला केला. गेल्या हिवाळ्यात तो वारला. नीलाच्या आग्रहावरून मी अंत्यविधीला चार शब्द बोललो. चांगलं बोललास, असं लोक म्हणाले.

एक सांगायचं राहिलंय. त्याच दुपारचं. तेच टाळत इथवर आलो.

दुकानातून बाईंना हॉटेलवर सोडलं आणि मी ट्यूब रेल्वेनं घरी गेलो. अंधार पडला होता. बेल वाजवायच्या आत नीलानं दार उघडलं. नवी साडी नेसली होती. माझ्या मागे रस्त्यावर बघत म्हणाली, "अहो, गाडी कुठे लावली? त्या कुठायत?"

मी म्हणालो, "त्या नाही येत. आयत्या वेळी बेत बदलला त्यांनी."

"म्हणजे? साधा फोन नाही? मोठी माणसं ना, ह्यांना कुणाची काय पडलीय!" ती अजून त्या बाईंना नावं ठेवते. टीव्हीवर तिकडची संसद दिसली की हटकून.

राउल कोट घालून, टाय लावून उभा होता. तो माझ्याकडे बघून हसला. मलाच धीर द्यायला. मग नीला म्हणाली, "तुम्ही तरी बसा हो त्या खुर्चीत. आठवडाभर पाठ करतोय बिचारा. कुणाला तरी म्हणून दाखवू दे."

बाईंसाठी खिडकीपाशी खुर्ची मांडली होती. वर नवा अभ्रा घातलेली उशी. मी बसलो. राउल समोर येऊन ताठ उभा राहिला आणि त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं — इनेसचं नाव, तिची शाळा, ट्रक, हिरवा रंग, रंगाखालची खूण. कुठेही अडखळला नाही. माझ्या डोळ्यांत बघून बोलला, कारण नीलानं तसं शिकवलं होतं. आणि पाठच केलेलं होतं म्हणून शेवटही तसाच केला — "थँक यू फॉर लिसनिंग, मॅडम."

नीलाला हसू आलं आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. मी म्हणालो, "यू आर वेलकम."

मग तिनं बाईंसाठी झाकून ठेवलेली बशी माझ्या हातात दिली. पोहे गार झाले होते. शेंगदाणे जागच्या जागी होते — पाहुण्यांचे म्हणून राउलनं त्या दिवशी एकही वेचला नव्हता. मी ते सगळे खाल्ले.