चाचांची हरकत

जगातल्या सगळ्या गोष्टी एका दिवसात सुतासारख्या सरळ झाल्या, तर संध्याकाळपर्यंत आमच्या शेजारचे चाचा अंथरूण धरतील, हे मी कुठंही लिहून द्यायला तयार आहे. हरकत घेतल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. बाळापूरच्या रस्त्याला फवारणीचे पंप दुरुस्त करायचं त्यांचं दुकान आहे आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून आमचं घर. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी आमच्या दारावरच्या तोरणाला हरकत घेतली. "ताई, हे तोरण हालून राहिलं, माझं ध्यान जाते तिकडं." तोरण सुकल्यावर मी काढलं, तर हजर. "काहून काढलं? चांगलं हालत होतं की."

बरं, हा माणूस स्वतः एका जागी टिकेल तर शपथ. पंपाचं नोझल फुंकतील दाराशी, वायसर शोधतील रस्त्यावर, आणि गिऱ्हाइकाशी बोलता बोलता समोरच्या हॉटेलात जाऊन चहात साखर जास्त पडते अशी तक्रार करून परत येतील. गिऱ्हाईक बिचारं पंप पाठीवर घेऊन त्यांच्या मागं मागं. मराठीत हरकत म्हणजे आक्षेप आणि त्यांच्या घरच्या बोलीत हरकत म्हणजे हालचाल. चाचांकडे दोन्हींचा साठा भरपूर. आतून चाचींचा आवाज दिवसभर यायचा, "कितनी हरकत करते जी, बैठो तो जरा!" बसतील ते चाचा कसले.

मी ग्रामपंचायतीची सदस्य झाले आणि मला कळलं की गावाचा कारभार सरपंच चालवत नाहीत, आम्ही सदस्यही चालवत नाही, चाचांची हरकत चालवते. ग्रामसभेत ते खिडकीजवळ उभे असतात. नवा दिवा लावायचा ठरला तर म्हणाले, "उजेड माझ्या दुकानात येऊन राहिला, माझी हरकत हाय." सरपंच म्हणाले, दुसऱ्या खांबावर लावू. तर म्हणे, "मग माझ्या दुकानात अंधार, त्यालाबी हरकत हाय." आम्ही हसायचो. पण खरी गंमत अशी, की गावातल्या कुणालाच कुणाशी वाकडं घ्यायचं नसतं. दारूच्या दुकानाचा अर्ज आला तेव्हा अर्जदाराला आम्ही सगळ्यांनी तोंडावर "व्हय, व्हय" म्हटलं आणि निवांत बसलो, कारण चाचा होते. चाचांनी हरकत घेतली, दुकान बारगळलं आणि आमचा चांगुलपणा शाबूत राहिला.

मग आला पत्त्यांच्या क्लबाचा अर्ज. परवाना जिल्ह्याहून मिळतो, पण त्याआधी गावाचा ना-हरकत दाखला लागतो. एकाला दिला तर उद्या चौघं मागतील, म्हणून सरपंचांनी आधी गावाचं धोरण ठरवायचं काढलं. सभा रंगली. क्लब शाळेपासून लांब हवा, देवळापासून लांब, मशिदीपासून लांब, स्टँडपासून तर फारच लांब. एकानं पोळ्याला बंद ठेवा म्हटलं, तर दुसरा म्हणाला, पोळ्यालाच तर वेळ असतो. अशी एकेक जागा खोडता खोडता सगळ्या नियमांत बसणारी एकच खोली उरली. चाचांच्या दुकानामागची. आणि अर्ज होता चाचांच्या मुलाचा.

मुलगा वाईट नाही. पुण्यातल्या कंपनीतलं काम सुटलं म्हणून बायको आणि छोट्या मुलीला घेऊन परत आला होता. नातीला खांद्यावर घेऊन चाचा पंप दुरुस्त करत होते, आणि ती त्यांच्याही वर हरकती घेत होती. "अब्बा, खेळणारे कुठंबी खेळतेच. हितं लायसनमधी खेळतील, न् मी गावात ऱ्हाईन," असं तो म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. दाखला मिळाला तर तो राहणार होता, नाही तर काम शोधायला पुन्हा पुणं.

सरपंचांनी विचारलं, "कुणाची हरकत?" आम्ही सगळे सवयीनं खिडकीकडं वळलो. चाचा तिथं नव्हते. ते पहिल्यांदाच सतरंजीवर बसले होते, मांडी घालून, अगदी स्थिर. सभेत चुळबुळ सुरू झाली. दाखला कुणालाच द्यायचा नव्हता, आणि नाही म्हणायची तयारी कुणीच केली नव्हती. मीही नव्हती केली. मागून कुणीतरी अजीजीनं म्हणालं, "चाचा, काहून गप बसले?" सरपंचांनी पुन्हा विचारलं. तेव्हा चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले. मुलाकडं न बघता म्हणाले, "माझ्या दारात माणूस बिघडलेला पंप घेऊन येतो, न् चांगला करून नेतो. ह्याच्यात चांगला माणूस येईल न् बिघडून जाईल. माझी हरकत हाय."

सभेनं सुटकेचा निःश्वास टाकला. लोकांनी चाचांच्या पाठीवर थापा मारल्या, चहा आला, मीही प्याले. मुलगा अर्जाची घडी करून निघून गेला.

मुलगा बायको-मुलीला घेऊन पुण्याला निघाला, तेव्हा स्टँडवर निरोप द्यायला मी गेले होते. चाचांनी एसटीच्या टायरला हरकत घेतली, खिडकीच्या काचेला घेतली, पिशवी ठेवायच्या जागेला घेतली. शेवटी कंडक्टर वैतागून म्हणाला, "चाचा, आता काय हरकत हाय का? सोडू गाडी?" खिडकीतून नात हात हलवत होती. चाचा म्हणाले, "न्हाई."

तेव्हापासून ते दुकानात खुर्चीवर बसून असतात. गिऱ्हाईक येतं, ते बसल्या बसल्या पंप दुरुस्त करून देतात. आतून चाचींचा आवाज येतो, "उठो जी, कुछ तो हरकत करो." मला तो ऐकवत नाही.

परवा मी त्यांच्याकडं मुद्दाम गेले. म्हटलं, "चाचा, नवी नाली थेट तुमच्या दुकानाच्या पायरीखालून न्यायचं चाललंय. उघडी." आणि वाट बघत उभी राहिले. त्यांनी वायसर बसवलं, पंप पुसला आणि म्हणाले, "हरकत न्हाई, ताई."

मला राग आला, त्यांचा आणि आम्हा सगळ्यांचाच. नालीचा विषय मी अडवून धरला आहे. सरपंच रोज कारण विचारतात. चाचांची हरकत आल्याशिवाय ती नाली मी होऊ देणार नाही.