फरशीवरचं इंजिन

मुरुमला आमचं लेथ आणि वेल्डिंगचं दुकान आहे. मोठी वस्तू करायची तर आधी ती खडूनं फरशीवर पूर्ण मापात काढायची, ही नवऱ्याची पद्धत. गेल्या वर्षी त्यांनी आत बसून चालवायचं छोटं वाफेचं इंजिन फरशीवर काढलं. ते शेतात रूळ टाकून फिरवायचं होतं; विहिरीपाशी वळण अरुंद, म्हणून एकाच बॉयलरखाली चाकांचे दोन सुटे गाडे, वळणावर आपापले फिरणारे. आखणी बिनचूक होती.

त्यांचे दोन मित्र बघायला आले. एकजण म्हणाला, "वैनी, तुमी तिकिटं फाडा, आमी बसतो."

"बॉयलर कोण जोडणार?" मी विचारलं.

"मीच की," नवरा म्हणाला. "माझ्या इंजिनाला दुसऱ्याचा हात लागू देनार न्हाय."

त्यांचा उजवा हात वर्षभर थरथरत होता. फरशीवरच्या रेघा लोखंडी पट्टी धरून मारल्या होत्या, म्हणून सरळ होत्या. वेल्डिंगला पट्टी धरता येत नाही, आणि बॉयलरचा सांधा फुटला तर आत बसलेला माणूस भाजून मरतो. हे एकट्यात सांगून झालं होतं. त्यांनी ऐकलं नव्हतं.

मी पट्टी उचलली आणि खडू त्यांच्या हातात दिला. "बिनपट्टीची हातभर रेघ मारा."

"आता कशाला?"

"मारा की. भ्या वाटतंय का?"

त्यांनी मारली. करवतीचे दाते दिसावेत तशी रेघ उमटली.

"बसता का ह्या हाताच्या इंजिनात?" मी मित्रांना विचारलं. दोघं चपला शोधायला लागले.

नवऱ्यानं गुडघ्यावर बसून ओल्या फडक्यानं सगळं इंजिन पुसलं. मी मदत केली नाही. फरशी वाळल्यावर मी तिथं दुरुस्तीला आलेले नांगर ओढून ठेवले.