कृष्णविवर आणि आमची संत्र्याची बाग

पांढुर्ण्याच्या शाळेत दिवसभर हिंदीतून विज्ञान शिकवायचं, मग बसमध्ये उभ्यानं सौंसरला यायचं, तिथून गावी. घरी पोचेपर्यंत माझ्यात बोलायचंही त्राण उरत नाही. त्या संध्याकाळीही नव्हतं. बाबा ओट्यावर मोबाइल घेऊन माझीच वाट पाहत होते.

"बाई, हे ब्लॅक होल पृथ्वीले गिळून टाकते म्हणते. खरं हाय का?"

सकाळीही हेच विचारलं होतं, आदल्या दिवशीही. माझं डोकंच उठलं. चपला काढता काढता म्हटलं, "हो बाबा, गिळते. पुढच्याच महिन्यात. आता मले चहा पिऊ द्या."

त्यांनी मोबाइल खिशात घातला. सुटले बाप्पा, असं वाटलं मला.

तेव्हा आमची संत्र्याची बाग ताणावर होती. म्हणजे महिना-सव्वा महिना झाडांचं पाणी तोडायचं, पानं मलूल झाली तरी मन घट्ट करायचं. मग पाणी सोडलं की झाड फुलांनी लदबदतं. वर्षाचा बहार त्यावरच. बाबांनी उभ्या आयुष्यात ताण मधेच मोडला नव्हता.

दोन दिवसांनी शाळेतून आले तर बागेत मोटर सुरू, झाडांची आळी तुडुंब भरलेली. ताणाचे जेमतेम पंधरा दिवस झाले होते.

"बाबा! हे काय करून राहिले तुम्ही?"

"सारंच जाणार हाय तं झाडाईले तहानेनं कायले मारू? पिऊ दे बिचाऱ्याईले."

मी त्यांना धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसवलं. मग सगळं सांगितलं. सापडलेलं सगळ्यात जवळचं कृष्णविवरही इतकं लांब आहे, की तिथवर जायला उजेडालासुद्धा दीड हजार वर्षं लागतात. ते दुरून कोणाला ओढून नेत नाही. सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं, तरी पृथ्वी आपली फिरतच राहील. अंधार होईल, गारठून जाऊ, पण गिळणार कोणी नाही. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

बाबांनी मोटर बंद केली. पाणी मुरून गेलं होतं. महिन्याभरात झाडांवर हिरवीगार पालवी आली, फूल औषधालाही नाही. बाग पाहायला आलेला व्यापारी आल्यापावली परत गेला. बाबा मला एका शब्दानं बोलले नाहीत, त्याचीच मला जास्त लाज वाटली.

शेवटी मीच म्हटलं, "बाबा, थकली होती मी. थट्टेनं बोलली. तुम्ही ते खरं कसं धरलं?"

"मोबाइलवर माहा भरोसा नव्हता, बाई," बाबा म्हणाले. "म्हणून तं तुले विचारत होतो."