ओकसनचे बिनआयोडीनचे चौदा दिवस

ओकसन माझ्या शेजारची, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मला ताई म्हणते, पण ऐकत कधी नाही. दासिमा, म्हणजे समुद्रातलं पट्ट्यासारखं जाड शेवाळ, ते वाळवण्यात आमच्या बेटावर तिचा हात कुणी धरू शकत नाही. सगळ्या बेटाचं पोट त्यावर. रस्सा त्याच्या पाण्याचा, भाताबरोबर काचऱ्याही त्याच्याच.

दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्याला गाठ आली. ग्वांगजू शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी थायरॉइडचा कॅन्सर सांगितला आणि ऑपरेशन करून ग्रंथी काढली. आत कुठे कण राहिला असेल तर तो मारायला किरणोत्सारी आयोडीनची गोळी घ्यायची होती. ती नीट लागू पडावी म्हणून आधी दोन आठवडे खाण्यातलं आयोडीन तोडायचं. शेवाळ बंद, मासे बंद, समुद्राचं मीठ बंद, आणि त्या मिठात मुरलेलं कोबीचं तिखट लोणचं, म्हणजे किमची, तीही बंद.

"ताई, मग खायचं काय? भात आणि वारा?"

त्यात तिची नणंद सुनिम समाचाराला आली. "जन्मभर शेवाळ ओरपलंस, तेच बाधलं!" म्हणाली आणि चहा पिऊन गेली.

दुसऱ्या दिवशी ओकसन वाळवणाकडे फिरकलीच नाही. मी घरी गेले तर भिंतीला टेकून बसलेली.

"सुनिमचं काय मनावर घेतेस गं?"

"तिचं नाही. माझी हेजिन पोटुशी आहे. बाळंतिणीला शेवाळाचं सूप आईनं नाही करायचं तर कुणी? आणि मी लेकीला विष वाढत असेन तर?"

पुढच्या तपासणीला मीही बरोबर गेले. तिनं सरळ विचारलं. डॉक्टरीणबाईंनी झटकून टाकलं नाही. म्हणाल्या, "आयोडीन कमी पडलं तरी थायरॉइड बिघडतं, फार झालं तरी बिघडतं. कॅन्सरबद्दल मात्र अभ्यास करणाऱ्यांचंच एकमत नाही. तुमचा त्यानंच झाला, असं मी म्हणणार नाही. लेकीला सूप द्या, पण थोडं. महिनाभर तिन्ही त्रिकाळ नको."

"आणि मी?"

"तुमच्यासारखी बहुतेक माणसं बरी होतात, मावशी."

परतीच्या बोटीत ती पहिल्यांदा पोटभर रडली.

मग मी बिनआयोडीनचं शुद्ध मीठ आणलं आणि मासळीचा खार न घालता कोबीची किमची केली.

"ताई, ही किमची की धुतलेला कोबी?"

"गप गीळ!"

दुसऱ्या खेपेला लसूण, नाशपाती आणि मूठभर जास्त तिखट घातलं. ती तिनं खाल्ली आणि रिकामा वाडगा पुढे केला. आठवड्याभरात गल्लीतल्या चार घरांतून तेच मीठ घातलेलं काहीबाही यायला लागलं. एक डबा तर सुनिमचा होता. आत तिळाच्या तेलातले बटाटे.

गोळीनंतर अंगातून किरणं निघतात म्हणून ओकसन इस्पितळात एकटी राहिली, मग पोटुशा लेकीपासून लांब म्हणून काही दिवस माझ्या घरी. पुढच्या तपासणीत काही सापडलं नाही.

पानगळीत हेजिनला मुलगी झाली. ओकसननं मांसाच्या रश्शात शेवाळ बेतानं घालून सूप केलं.

"आई, अजून वाढ ना."

"उद्या," ओकसन म्हणाली आणि नातीला उचलून अंगणात उन्हात घेऊन गेली.