सुभेदारांच्या रानात बसलेली मेंढरं

आमच्या संस्थेचं काम एका वाक्यात सांगता येतं. म्हसवडकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन उसाच्या पट्ट्यात उतरतात, त्यांच्या पोरांची शाळा सुटते, म्हणून आमची शिक्षिका त्यांच्या तळावर जाऊन शिकवते. तळ हलला की तीही स्कूटीला फळा बांधून हलते. हे एवढंसं काम धर्मादाय ठरतं की नाही, यावर माझे कित्येक महिने गेले.

गरज साधी होती. शिक्षिकेचा पगार आम्ही पाच विश्वस्त खिशातून देत होतो आणि ते फार दिवस चालणार नव्हतं. सांगलीतले एक कारखानदार पगार उचलायला तयार होते, पण संस्थेकडे करसवलतीची नोंदणी असेल तरच. नोंदणी नाही तर शिक्षिका नाही, शिक्षिका नाही तर वर्ग नाही. मी बँकेत कर्जखात्यात आयुष्य काढलेलं, त्यामुळे कागदांचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्या सुनावणीत आयकर खात्याच्या साहेबांनी विचारलं, "वर्ग कुठे भरतो?"

"मेंढरं असतील तिथे."

"म्हणजे पत्ता नाही. वेळ?"

"कळप चरायला गेला की."

त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, एसटीत बसून पेपर वाचला तरी माणूस काहीतरी शिकतोच. कायद्यातलं शिक्षण ते नव्हे. ठरलेला अभ्यास, नियमित शिकवणं, शिकलं की नाही याची तपासणी. ते दाखवा."

राग आला. पण कर्ज मागायला आलेल्यांना मीही वर्षानुवर्षं हेच ऐकवलं होतं, त्यामुळे तोंड उघडायला जागा नव्हती. शिक्षिकेला घेऊन बसले. कोणत्या पोराला काय येतं, पुढे काय शिकवायचं, चाचणी कधी घ्यायची, सगळं ठरवलं. ज्येष्ठात कळप गावी परतल्यावर तिथल्या शाळेने ही पोरं त्यांच्या वयाच्या वर्गात बसवून घेतली होती, तसे दाखले आणले. साहेबांनी ते पाहिले आणि म्हणाले, प्रत्यक्ष बघायला येतो.

तळ तेव्हा कडेगावजवळ होता. शिक्षिका बाभळीला फळा टेकवून वजाबाकी शिकवत होती. साहेब दगडावर बसले, दोन मुलींना धडा वाचायला लावला, मान डोलावली. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्यांनी तळावरच्या म्हातारीला प्रेमाने विचारलं, "आजी, पोरांना फुकट शिकवतात ना?"

म्हातारी ताठ झाली. "फुकट कशाला? आमी काय भिकारी हाय व्हय, सायेब? सुभेदारांच्या रानात दर साली मेंढरं बसवतो की. दुसऱ्यांकडनं पैसं घेतो, त्यास्नी रुपाय मागत न्हाई."

मेंढरं बसवणं म्हणजे रिकाम्या रानात रात्रभर कळप बसवायचा. लेंड्या आणि मूत जमिनीत जातं, पुढचा ऊस मांडीएवढा येतो. त्यासाठी शेतकरी मेंढपाळाला पैसे किंवा धान्य मोजतात.

"सुभेदार कोण?" साहेबांनी विचारलं.

सुभेदार शेजारीच उभे होते, टाचा जुळवून. "मीच, सर. संस्थेचा अध्यक्ष!" फौजेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी साहेब म्हटला की त्यांची छाती पुढे येते.

गाडीपाशी साहेब मला म्हणाले, "शिक्षण आहे, हे पटलं. पण त्याचं खत अध्यक्षांच्या उसाला जातंय. चालवणाऱ्याचा स्वतःचा फायदा असेल तर धर्मादाय कसं म्हणू?"

त्यांचं बरोबर होतं, हाच तर वैताग. ते गेल्यावर मी सुभेदारांना धरलं.

"आवं ताई, मी मागितलं न्हाई त्यांच्याकडं."

"नको म्हणालात?"

"दारात आल्याली मेंढरं हाकलू? गावात तोंड कुठं दाखवू? आन् लेंड्या म्हंजी काय लाच हाय व्हय?"

"बाजारात दर आहे ना त्यांना? मग आहे."

आमच्या हिशेबनिसांनी तोडगा काढला. सुभेदारांनी झालेल्या सगळ्या वर्षांचे पैसे चालू दराने मेंढपाळांना द्यावेत. सुभेदार कुरकुरत पैसे घेऊन तळावर गेले, मीही सोबत होते. म्हातारीने पाकिटाला हातसुद्धा लावला नाही.

"पोरं शिकीवली, त्याचं आमी दिलं. दिल्यालं परत देतासा? आता शिकीवल्यालं बी परत घेनार का?"

मी तिला कायदा समजावला. मला वाटतं, तिला तो समजला. पटला नाही एवढंच. शिकवणाऱ्याच्या पदरात काही न टाकता पोर शिकवून घेणं म्हणजे भीक, आणि भीक त्या घरात कुणी घेत नाही. साहेब काही घेतलं तर नापास करणार, ही काही घेतलं नाही तर. मधे मी.

शेवटी सुभेदारांनीच राजीनामा दिला. "माझ्यामुळं वर्ग बंद पडाय नको," म्हणाले, आणि लगेच, "आता मेंढरं बसली तर हरकत न्हाई न्हवं?" मी राजीनामा फायलीला लावला. नवा अध्यक्ष शोधताना कळलं की माझ्याशिवाय उरलेल्या प्रत्येकाचं त्याच पट्ट्यात रान आहे. माझं माधवनगरला दोन खोल्यांचं घर आणि गॅलरीत चार कुंड्या. भूमिहीन म्हणून मी बिनविरोध निवडून आले.

नोंदणी मिळाली. कारखानदारांनी शब्द पाळला. पुढच्या हंगामात तळ उतरला तेव्हा मी ही बातमी घेऊन गेले. म्हातारीने ऐकलं, पालात गेली आणि नवी कोरी घोंगडी आणून माझ्या मांडीवर टाकली.

"तुमास्नी रान न्हाई म्हनं. मग मेंढरं कुठं बसवायची? ही घ्या. लेकीनं सूत कातलंय."

घोंगडी सुरेख होती. काळीभोर, काठाला पांढरी रेघ.

"घेता येणार नाही, आजी."

"का? वास येतोय व्हय मेंढराचा?"

"विकत देता? बाजारभावाने घेते."

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की कर्जखात्यात इतकी वर्षं काढूनही मला मान खाली घालावी लागली. घोंगडी तिने सावकाश घडी करून परत नेली. चुलीवर चहा उकळत होता. शिक्षिकेला कप मिळाला, माझ्यासोबत आलेल्या रिक्षावाल्यालाही मिळाला. मला कुणी विचारलं नाही.

पलीकडे पोरं मोठ्याने पाढे म्हणत होती. मी थोडा वेळ ऐकलं, आणि ऊन चढायच्या आत निघाले.