उद्या येऊ नको

माझ्या थोरल्या भावाला खोटं बोलता येत नसे. बाहत्तरच्या दुष्काळानंतर तो सोलापुरात एका चादरींच्या दुकानात लागला. गिऱ्हाइकानं "चांगली आहे ना?" विचारलं, की तो म्हणे, "नाही. तिसऱ्या पट्टीत एक धागा चुकलाय." आधीच्या दोन नोकऱ्या अशाच गेल्या होत्या. ही गेली तर चौथी कुणी देणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

एकदा त्यानं लग्नाचं मोठं गिऱ्हाईक परत पाठवलं. मालक ओरडले, "उद्या येऊ नको!"

दुसऱ्या दिवशी तो गेला नाही. आई दिवसभर रडली. तिसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला तो दुकानात हजर.

"आता कशाला आलास रे?"

"तुम्ही उद्या नको म्हणालात. ते काल होऊन गेलं."

मालक हसत सुटले. "लेका, गिऱ्हाइकाला सांगतोस ते आधी मला सांग की!" त्यांनी त्याला मागच्या शांत खोलीत चादरी तपासायला बसवलं. म्हातारा होईपर्यंत तो तिथंच होता.

गेल्या महिन्यात तो गेला. त्याच्यावर पांघरायला आणलेली चादर मी आधी पट्टी पट्टी तपासली. दुसऱ्या पट्टीत चूक होती. मी ती बदलून आणली.